तावडे हॉटेलपासून शर्यतीच्या ट्रॅकांपर्यंत

कोल्हापुरात तावडे हॉटेलपाशी महामार्गाला लागलं, की एका हाताला पुणे आणि दुसऱ्या हाताला बेळगाव, बंगळूर. पूर्वीचा चार नंबरचा आणि आताचा ४८ क्रमांकाचा हा रस्ता दिल्लीपासून चेन्नईपर्यंत जातो. उसाच्या ट्रॉल्या, शिरोलीच्या फाउंड्र्यांतून कास्टिंग भरून निघालेले ट्रक, गोव्याला निघालेले पुणेकर, अशी त्याच्यावर रोजची वर्दळ. मोटार-शर्यतींचा नाद लागलेल्या माणसाला मात्र हा रस्ता वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचा. तो दक्षिणेला तसाच धरून ठेवला, बंगळूर मागे टाकलं, श्रीपेरुंबुदुर ओलांडलं, की इरुंगाट्टुकोट्टैला महामार्गालगतच मद्रासचा ट्रॅक येतो. उलट्या दिशेने दिल्ली गाठली, की यमुनेपलीकडे ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट फार लांब राहत नाही. आणि ज्याला इतकं हिंडायचं नाही, त्याच्यासाठी कोल्हापुरातून हुपरीकडे जाणारा रस्ता आहे. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिणार आहे, कारण या लेखाचं खरं कारण तोच आहे.

गड-किल्ले सर करणारे, अष्टविनायक करणारे, एसटीने सगळे तालुके पालथे घालणारे आपल्याकडे आहेत. अमेरिकेत शर्यतीचे ट्रॅक ‘करणारे’ आहेत. तिथे शहरागणिक मातीचे, डांबराचे, अंडाकृती, वळणावळणाचे शेकडो ट्रॅक आहेत आणि शनिवारच्या रात्री त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी शर्यत असते. या मंडळींचा नियम कडक आहे. नुसतं फाटकापाशी जाऊन फोटो काढला तर तो ट्रॅक मोजायचा नाही, तिथे शर्यत बघितली पाहिजे. हजारांच्या वर ट्रॅक झालेली माणसं या छंदात आहेत. त्यांच्यातल्या अ‍ॅलन ब्राउन यांनी तर अमेरिकेतल्या चालू आणि बंद पडलेल्या ट्रॅकांचा इतिहासच ग्रंथरूपाने लिहून ठेवला.

भारतात हा छंद कुणी घ्यायचा म्हटला तर तो फार लवकर संपेल. राष्ट्रीय मोटार-शर्यती नियमित होतील असे पूर्ण लांबीचे, कायमचे ट्रॅक आपल्याकडे एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. ते देशभर सारखे पसरलेलेही नाहीत. बहुतेक तामिळनाडूत आहेत. पुणे, चाकण, नाशिक, संभाजीनगर इथे देशभराच्या मोटारी आणि दुचाकी बनतात, पण असा एकही ट्रॅक महाराष्ट्रात नाही. अहिल्यानगरला संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेचा चाचणी-ट्रॅक आहे, कारखान्यांचे स्वतःचे आहेत, आणि मध्य प्रदेशात पिथमपूरला २०२१ साली उद्घाटन झालेला ११.३ किलोमीटरचा नॅट्रॅक्सचा अतिवेगवान ट्रॅक आहे. पण ही सगळी गाड्या तपासायची ठिकाणं. तिथे तिकीट काढून बसता येत नाही.

असं का झालं, याचं उत्तर मला नकाशापेक्षा इतिहासात सापडतं. जगातले कितीतरी ट्रॅक दुसऱ्या महायुद्धाने मागे ठेवलेल्या धावपट्ट्यांवर उभे राहिले. इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन हा मुळात बॉम्बफेकी विमानांचा तळ. १३ मे १९५० रोजी फॉर्म्युला वन जागतिक स्पर्धेची पहिली शर्यत तिथेच झाली. आपल्याकडेही शर्यती विमानांच्या धावपट्ट्यांवरच सुरू झाल्या. कलकत्त्याजवळ बराकपूर, मुंबईत जुहू, आणि मद्रासच्या उत्तरेला शोलावरम. पहिल्या दोन ठिकाणी शर्यती विरून गेल्या. शोलावरममध्ये त्या टिकल्या, कारण तिथे १९५३ साली स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब होता आणि क्लबात नुसते गाड्यांचे मालक नव्हते, गाड्या उघडून बसणारे लोक होते. गोंडलच्या राजघराण्यातले ड्रायव्हर तिथे धावले, विजय मल्ल्या जुनी फॉर्म्युला वन गाडी घेऊन धावले, पण गर्दी खेचली ती फिअट आणि हेराल्डच्या पोटात नको ते उद्योग करून त्यांना पळवणाऱ्या गॅरेजवाल्यांनी. धावपट्टी उसनी होती, ती कधीतरी जाणारच. म्हणून क्लबाने स्वतःची जमीन घेतली आणि १९९० साली इरुंगाट्टुकोट्टैला ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक सुरू केला. सरकारी योजना नाही, की परदेशी सल्लागार नाही. आज हा ट्रॅक बघताना डोळे दिपत नाहीत. पण तीन दशकं उलटून गेल्यावरही तिथे शर्यती होताहेत, आणि या देशात हेच दुर्मीळ आहे.

कोल्हापूरकराने मात्र आधी कोईमतूरला जावं. हे शहर आपल्याला ओळखीचं वाटेल. पंप, मोटारी, फाउंड्र्या, कापडगिरण्या, घराघरात लेथ. कोल्हापूरचं उद्यमनगर आणि इचलकरंजी एकत्र करून दक्षिणेत नेऊन ठेवावं, तसं. या गावात एस. करिवर्धन नावाचा गिरणीमालकांच्या घरातला इंजिनिअर होता. त्याने ऐंशीच्या दशकात एक साधी गोष्ट केली. मारुती ८०० चं इंजिन आणि सुटे भाग घेऊन एक आसनाची, उघड्या चाकांची शर्यतीची गाडी बनवली. फॉर्म्युला मारुती. तोवर अशी गाडी चालवायची तर ती परदेशातून आणावी लागे, म्हणजे राजे आणि मद्यसम्राट यांनीच चालवायची. करिवर्धनच्या गाडीचा भाग तुटला तर तो गावातल्या दुकानात मिळत होता. नारायण कार्तिकेयन नावाचा कोईमतूरचाच मुलगा याच गाडीत श्रीपेरुंबुदुरला आपली पहिली शर्यत धावला, आणि मार्च २००५ मध्ये मेलबर्नला जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला.

करिवर्धन ते बघायला नव्हते. १९९५ साली विमान अपघातात ते गेले. गावाने त्यांच्या नावाने ट्रॅक केला. चेट्टिपाळयमचा करी मोटर स्पीडवे २००३ साली सुरू झाला. लांबी जेमतेम २.१ किलोमीटर. इतका आखूड, की बसल्या जागेवरून जवळजवळ सगळी शर्यत दिसते. प्रेक्षकाच्या दृष्टीने मला हा देशातला सर्वांत चांगला ट्रॅक वाटतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या गाड्यांची ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धाही इथे भरते. एवढ्यावर गाव थांबलं नाही. अलीकडे कोईमतूरजवळच सुमारे ३.८ किलोमीटरचा आणखी एक ट्रॅक उभा राहिला, त्यामागेही जे. आनंद यांच्यासारखे गाड्या बनवणारे कारखानदारच.

बुद्ध सर्किटबद्दल फार लिहायची इच्छा नाही. हर्मान टिल्के यांनी आखलेला ५.१२५ किलोमीटरचा ट्रॅक, लाखभर लोक बसतील अशी व्यवस्था, २०११ ते २०१३ अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती आणि तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकलेल्या. मग करांचे वाद. शर्यत हा खेळ की करमणूक, यावर राज्य सरकारशी भांडण. परदेशी कंपनीच्या उत्पन्नावर भारतात कर लागतो की नाही, हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये निकाल कर लागतो असा आला. तोवर फॉर्म्युला वन निघून गेली होती. २०२३ मध्ये मोटोजीपी एकदा येऊन गेली. ट्रॅक अप्रतिम आहे, त्याबद्दल शंका नाही. पण त्याच्या आजूबाजूला शर्यतीवर जगणारं गाव नव्हतं आणि नंतरही वसलं नाही. रस्त्यांवरच्या शर्यतींचंही असंच. हैदराबादला फेब्रुवारी २०२३ मध्ये हुसेनसागराकाठी विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई झाली, सरकार बदललं, पुढच्या वर्षीची शर्यत रद्द. चेन्नईने २०२४ मध्ये आयलंड ग्राउंड्सभोवती रात्रीची शर्यत घेतली. ती देखणी झाली, पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा रस्ताच होता.

आता हुपरीच्या रस्त्याला लागू.

चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीकडे जाणाऱ्या या रस्त्यावर, उसाच्या मळ्यांत, मोहित्यांची रेसिंग अकादमी आहे. कोल्हापूरच्या उद्योजक मोहिते कुटुंबाने केलेला हा गो-कार्टचा ट्रॅक. मॉलच्या गच्चीवर टायर रचून केलेल्या जागेशी याचा संबंध नाही. राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या इथे झाल्या आहेत आणि बंगळूर, चेन्नई, मुंबई, दिल्लीची मुलं आईबापांसकट, मेकॅनिकांसकट कोल्हापुरात मुक्कामाला आली आहेत. ज्यांनी शर्यत म्हणजे टीव्हीवरची फॉर्म्युला वन एवढंच बघितलं आहे, त्यांनी एकदा इथे कुंपणाशी उभं राहावं.

कार्ट दिसायला खेळणं. गिअर नाहीत, पायाशी दोनच पेडल, उजवं अ‍ॅक्सिलरेटर आणि डावं ब्रेक. ब्रेकही मागच्या दांड्यावर. स्प्रिंग नाही, शॉकअब्सॉर्बर नाही, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक कण चालवणाऱ्याच्या बरगड्यांपर्यंत पोचतो. म्हणूनच मुलं छातीला बरगड्यांचं संरक्षक कवच बांधून बसतात. सगळ्यांत मोठी गंमत मागच्या चाकांची. साध्या मोटारीला डिफरन्शियल असतो, त्यामुळे वळणावर आतलं चाक हळू आणि बाहेरचं जलद फिरू शकतं. कार्टला तो नाही. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधलेली. अशी गाडी वळायलाच तयार नसते. तिला वळवायचं तर स्टिअरिंग फिरवताच चौकटीचा पोलादी पाइप किंचित पिळवटून आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे. किती उचलायचं, किती वेळ, हे दहा वर्षांच्या मुलाला शरीराने कळावं लागतं. ज्याला कळत नाही त्याची कार्ट वळणावर गुरगुरते आणि वेग सांडते. कुंपणाबाहेरूनही हा फरक कानाला कळतो.

रोटॅक्स हे ऑस्ट्रियाचं १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. लहानांच्या मायक्रो मॅक्स गटापासून मोठ्यांच्या सीनियर मॅक्सपर्यंत मूळ इंजिन तेच, ताकद कमी-जास्त केलेली. इंजिन सीलबंद येतं आणि सील तोडलं तर धावणारा बाद. म्हणजे श्रीमंत बापाला जास्तीची अश्वशक्ती विकत घेता येत नाही. राहतात त्या बारीक गोष्टी. टायरमधली हवा, स्प्रॉकेटचे दात, कार्ब्युरेटरचा जेट, आसन एक इंच पुढे की मागे. पिटमध्ये बसून या गोष्टी ठरवणारी माणसं बघितली की मला आपल्या उद्यमनगरातले मेस्त्री आठवतात. तीच तेलकट चिंधी, तोच इंजिनाला लावलेला कान.

या शहराला इंजिनाचं आकर्षण नवीन नाही. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार बाहेर निघते तेव्हा ती बघायला रस्त्याच्या कडेला किती पोरं असतात ते बघा. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेराच इथे घरी बनवला. ऑइल इंजिनं इथे तयार झाली, पिस्टन आणि बेअरिंग इथून देशभर जातात, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत ओतलेले भाग कुठल्या ना कुठल्या मोटारीत बसलेले असतात. त्यामुळे इथली मुलं शर्यतीत उतरली याचं आश्चर्य वाटत नाही. चित्तेश मंडोडी, ध्रुव मोहिते ही कोल्हापूरची नावं राष्ट्रीय शर्यतींच्या निकालांत दिसत आली. कृष्णराज महाडिक २०१७ आणि २०१८ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत डबल आर संघाकडून धावला. त्या मालिकेच्या फेऱ्या सिल्व्हरस्टोन, ब्रँड्स हॅच, स्नेटरटन, डॉनिंग्टन आणि बेल्जियमच्या स्पापर्यंत होत्या. ट्रॅक ‘करण्याची’ यादी कोल्हापुरात कुणाची मोठी असेल, तर ती हौशी प्रवाशाची नसून हेल्मेट घालून गेलेल्या या मुलाची.

माझी तक्रार वेगळी आहे. कोल्हापूर आणि कोईमतूर, दोन्हीकडे फाउंड्री आहे, लेथ आहे, शर्यतीसाठी पदरचे पैसे घालणारी घरं आहेत. फरक एवढाच, की कोईमतूरने स्वतःची गाडी बनवली आणि मग ट्रॅक बांधला. आपण ट्रॅक बांधला आणि त्याच्यावर ऑस्ट्रियाचं इंजिन लावून थांबलो. रोटॅक्स उत्तम आहे, पण नवं इंजिन आणि कार्ट यांचा खर्च लाखांत जातो आणि टायर एका हंगामात किती लागतात हे आईबापांना विचारा. शिरोलीतल्या सुपरवायझरचा मुलगा त्यात येऊ शकत नाही. कोल्हापूर-सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं दरवर्षी गो-कार्ट बनवून परगावच्या स्पर्धांना नेतात आणि परत आल्यावर त्या गाड्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडून राहतात.

दिवाळीच्या सुट्टीत दक्षिणेला निघणार असाल तर शर्यतींचं वेळापत्रक आधी बघून घ्या, करी स्पीडवेला एक दिवस ठेवा, कानात घालायला कापूस न्या. मुलांना पुढच्या रांगेत नाही, पिटच्या जाळीजवळ उभं करा. पण ते पुढचं. आधी हुपरी रोडला जा. आणि उद्यमनगर-शिरोलीतल्या ज्या कारखानदारांच्या हाती हा अंक पडेल त्यांना एकच सांगणं आहे. इथे ओतलेलं, इथे घासलेलं, इथेच दुरुस्त होणारं इंजिन बसवलेली एक स्वस्त कार्ट बनवा आणि तिची वर्षातून चार फेऱ्यांची मालिका सुरू करा. ट्रॅक गावात तयार आहे.