घरात दोन संगणक, फाइल नक्की कुठे?

जुना संगणक हॉलच्या कोपऱ्यात आणि नवा लॅपटॉप मुलांच्या खोलीत, हे दृश्य आता पुष्कळ घरांतून दिसते. लग्नाचे फोटो जुन्यात, मुलीचा प्रकल्प नव्यात, आणि दोघांच्या मध्ये दिवसभर ये-जा करणारा एक पेन ड्राइव्ह! चार दिवसांनी कोणती प्रत ताजी आणि कोणती शिळी, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

फ्लॉपीच्या काळात निदान पसारा लहान होता. साडेतीन इंची फ्लॉपीत जेमतेम १.४४ मेगाबाइट मावत असे. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा बहुधा त्याहून मोठा भरतो.

खरे तर घरात राउटर असेल आणि दोन्ही संगणक त्याला जोडलेले असतील, तर त्यांचे जाळे आधीच तयार असते. कित्येकांना वाटते, फाइल पाठवायची म्हणजे इंटरनेट हवेच. तसे नाही. बाहेरची लाइन बंद असली तरी राउटर चालू असेपर्यंत या खोलीतली फाइल त्या खोलीत जाते.

ढीग मोठा असेल तर मात्र वाय-फायच्या नादी न लागता इथरनेटची वायर लावावी. वायरीचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइल बाइटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर ११-१२ मेगाबाइट जातात आणि १०० गिगाबाइटचे फोटो न्यायला सुमारे अडीच तास लागतात. गिगाबिट जोडणीवर तेच काम पाव तासात होऊ शकते, अर्थात जुन्या हार्ड डिस्कने साथ दिली तर!

दार किती उघडायचे?

विंडोजमध्ये घरच्या नेटवर्कला 'प्रायव्हेट' ठरवून, हव्या त्या फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मधून 'शेअरिंग' सुरू करता येते. इथेच अनेक जण घाई करतात. एक फोल्डर दिसत नाही म्हणून वैतागून अख्खी सी ड्राइव्हच सर्वांना खुली करून टाकतात. पाहुण्याला पाणी द्यायचे तर तिजोरीची किल्ली कशाला द्यावी? सामायिक वस्तूंसाठी एक वेगळा फोल्डर करावा, तेवढाच खुला करावा आणि शक्यतो फक्त वाचण्याची परवानगी ठेवावी. दुसऱ्या संगणकाने पासवर्ड मागितला, तर तिथे खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. रोजचा चार आकडी पिन चालत नाही. पुष्कळांचे गाडे नेमके इथेच अडते.

ही सावधगिरी फाजील नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तो विंडोजच्या याच फाइल-देवघेवीच्या जुन्या पद्धतीतल्या छिद्रातून. ते बुजवणारी दुरुस्ती मार्च महिन्यातच आली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. ही जुनी पद्धत म्हणजे 'एसएमबी १'. नव्या विंडोजमध्ये ती सहसा बंदच असते. विंडोज एक्सपीचा जुना संगणक दिसावा म्हणून ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. अशा वेळी आपला बिचारा पेन ड्राइव्हच बरा. फक्त तो 'फॅट ३२' पद्धतीचा असेल, तर ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी फाइल तो घेणार नाही, मग लग्नाचा लांबलचक व्हिडिओ अडतो. 'एक्सफॅट'मध्ये ही अडचण येत नाही, पण तसा बदल करताना ड्राइव्ह पुसला जातो, म्हणून आतले सामान आधी बाहेर काढावे.

मराठी मजकुराचे काय?

मराठी घरांत एक वेगळाच धक्का बसतो. वडिलांनी नव्वदच्या दशकात श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरवर टाइप केलेल्या आठवणी नव्या लॅपटॉपवर उघडाव्यात, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला! फाइल बिघडली असे समजून ती पुसून टाकणारेही आहेत. वास्तविक मजकूर शाबूत असतो, फक्त तो दाखवणारा फॉन्ट नव्या संगणकात नसतो. म्हणून फाइलीबरोबर जुन्या संगणकातला तो फॉन्टही न्यावा आणि मग मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. तसे करणारी परिवर्तक साधने मिळतात. जोडाक्षरे आणि रफार मात्र डोळ्यांनी तपासावे लागतात.

आणखी एक. फाइली 'कट' करून नेऊ नयेत, 'कॉपी' कराव्यात. मध्येच वीज गेली तर काय पोहोचले आणि काय राहिले, याचा हिशेब लागत नाही. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवून पाहावा, प्रत्येक वर्षातले दोन-चार फोटो उघडावेत, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवावा. त्यानंतरही जुना संगणक महिनाभर तसाच राहू द्यावा. भंगारवाला काही पळून जात नाही.