उघडलेली धमनी पुन्हा का आखडते?

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमनीतला अडथळा स्टेंट बसवून दूर झाला, छातीतली कळ थांबली आणि रुग्ण आपल्या पायांनी घरी परतला, की मामला कायमचा निकालात निघाला अशी त्याची व त्याच्या आप्तेष्टांची समजूत होते. परंतु धमनी सजीव आहे आणि तिला झालेल्या प्रत्येक इजेला ती आपल्या स्वभावधर्मानुसार उत्तर देते, हे सत्य वैद्यकालाही प्रथम मोठ्या निराशेतूनच उमगले.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृद्‌धमनीत इवलासा फुगा फुगवून ती रुंद केली आणि छाती न उघडता उपचार करण्याचा मार्ग खुला झाला. तथापि अशा धमन्यांपैकी सुमारे एक तृतीयांश काही महिन्यांतच पुन्हा अरुंद होत. १९८६ पासून धातूच्या जाळीदार नळीचा, म्हणजे स्टेंटचा, उपयोग सुरू झाला, तरी १९९४ च्या ‘बेनेस्टेंट’ चाचणीत हे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २२ टक्क्यांपर्यंतच उतरले.

याचे कारण इजेतच होते. फुगा व जाळी यांच्या दाबाने धमनीचे नाजूक अंतःस्तर सोलवटते, तेथे बिंबिका (प्लेटलेट्स) चिकटतात, त्यांच्यामागून पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात, आणि या दाहातून स्रवणाऱ्या द्रव्यांनी चेतविलेल्या मधल्या थरातील स्नायुपेशी आत सरकून, वाढून, जाळीच्या आतील बाजूस नव्या ऊतींचे जाड अस्तर घालतात. जखम भरून काढणारी हीच क्रिया अतिरेकाला गेली की वाट पुन्हा बुजते.

या दाहाची वर्दी रक्तात मिळते. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळलेले सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, अर्थात सीआरपी, यकृतात तयार होते व दाह वाढला की वाढते. सूक्ष्म मापनात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असल्यास धोका कमी, ३ च्या वर असल्यास अधिक, असे मानतात. मात्र साधा ताप, हिरड्यांचा विकार किंवा संधिवात यांनीही ते वाढत असल्याने एकाच अहवालावरून घाबरून जाणे युक्त नव्हे.

जपानचे अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात एका बुरशीतून पहिले स्टॅटिन वेगळे केले. ही औषधे यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतात आणि त्याबरोबर सीआरपीही उतरवितात. म्हणून ती धमनीचा पुनःसंकोचही टाळतील अशी आशा उत्पन्न झाली. परंतु फुग्याने उघडलेल्या धमन्यांवरील लोव्हास्टॅटिन व फ्लुव्हास्टॅटिन यांच्या चाचण्यांनी ती फलद्रूप केली नाही. त्या संकोचाचा खरा बंदोबस्त केला तो औषध लेपलेल्या स्टेंटने. त्यातील सिरोलिमस हे द्रव्य ईस्टर बेटाच्या मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळाले, आणि ते शोधून त्याचा पाठपुरावा करण्यात भारतात शिकलेल्या सुरेंद्रनाथ सेहगल यांचा वाटा मोठा होता.

मग स्टॅटिन कशासाठी घ्यावयाचे, असा प्रश्न रुग्ण विचारतात, आणि तो रास्त आहे. स्टेंट धमनीचा काही मिलिमीटरांचा तुकडा सांभाळतो. मेदाचे थर व त्यांतील धुमसता दाह मात्र हृदयाच्या सर्वच धमन्यांत पसरलेला असू शकतो, आणि पुढचा झटका बहुधा अशाच एखाद्या अस्पर्श जागी थर फाटून येतो. फुग्याने धमनी उघडण्याचा उपचार, म्हणजे अँजिओप्लास्टी, प्रथमच झालेल्या १,६७७ रुग्णांच्या ‘लिप्स’ चाचणीत, २००२ साली, फ्लुव्हास्टॅटिन दिलेल्या गटात हृदयविकाराच्या गंभीर घटनांची जोखीम २२ टक्क्यांनी घटली, आणि हा लाभ आरंभीचे कोलेस्टेरॉल कितीही असले तरी दिसला. माझ्या मते स्टॅटिनच्या बाजूचा हाच सर्वांत सबळ पुरावा होय.

म्हणून वाचकांस आग्रहाची विनंती अशी की, अहवाल चांगला आला किंवा बरे वाटू लागले या सबबीवर स्टॅटिन वा रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. स्नायू दुखत असल्यास किंवा अन्य त्रास होत असल्यास तो डॉक्टरांस सांगावा, म्हणजे मात्रा अथवा औषध बदलता येते.