अंतर्गळ : वारसा आणि सावधगिरी



वसईच्या वाडींत केळीचे घड वाहणारा, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मासळीच्या टोपल्या उचलणारा, किंवा विरारच्या गाडींत फुलांचें ओझें चढवून दादरचा बाजार गांठणारा गृहस्थ एखादे दिवशीं जांघेंत सुपारीएवढा फुगवटा पाहतो. निजलें असतां तो नाहींसा होतो, खोकतांच पुन्हा वर येतो. वडिलांनाही हेंच होतें हें आठवून 'आमच्या घराण्यांतच आहे' असें म्हणत गृहस्थ स्वस्थ बसतो. या म्हणण्यांत सत्य किती, हें आज पाहूं.

या विकारास अंतर्गळ किंवा हर्निया म्हणतात. पोटाच्या भिंतींतील दुबळ्या जागेंतून आंतडें अथवा चरबी बाहेर येते. पुरुषाच्या जांघेंत अशी जागा असतेच. गर्भावस्थेंत वृषण त्याच वाटेनें खालीं उतरतात. आंत्रवृद्धीचीं कारणें सांगतांना सुश्रुतानें ओझें वाहणें, बलवानाशीं झुंजणें व झाडावरून पडणें यांचा उल्लेख केला आहे. मग ओझें वाहणाऱ्या सर्वांनाच अंतर्गळ कां होत नाहीं?

याचें एक उत्तर भिंतीच्या विणींत आहे. ती वीण कोलॅजन नामक प्रथिनाच्या तंतूंची असते. बळकट तंतू कमी आणि नाजूक तंतू अधिक असले कीं भिंत सैल पडते, आणि ही ठेवण अंशतः आईबापांकडून येते. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत जांघेच्या अंतर्गळाशीं निगडित अशीं चार जनुकस्थानें आढळलीं. म्हणजे घराण्याचा वारसा खरा. परंतु वारशानें दुबळी भिंत मिळते, तिच्यावर पडणारा दाब बराचसा आपल्या हातीं असतो.

म्हणून विडी-सिगारेट सोडावी. तिनें खोकला जडतो व तंतूही क्षीण होतात. भाजीपाला व पाणी भरपूर घ्यावें, शौचास कुंथूं नये. उतारवयांत लघवीस जोर करावा लागल्यास वैद्यास दाखवावें. वजन आटोक्यांत ठेवावें. ओझें गुडघे वांकवून, अंगालगत धरून, श्वास न कोंडतां उचलावें. जड असेल तर दोघांनीं उचलावें.

एवढें करूनही अंतर्गळ होणारच नाहीं अशी हमी नाहीं. एकदां झाला कीं व्यायामानें, पट्ट्यानें वा औषधानें तें छिद्र बुजत नाहीं. त्रास नसल्यास कांहीं काळ नुसती देखरेख चालते, पण तो निर्णय डॉक्टरांचा. खरा उपाय शस्त्रक्रियाच. धुळे जिल्ह्यांतील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांनीं महाग जाळीऐवजीं निर्जंतुक केलेलें मच्छरदाणीचें कापड वापरून ती स्वस्त करण्याची वाट दाखविली. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या युगांडांतील चाचणींतही अशी स्वल्पमोल जाळी महाग जाळीच्या तोडीस उतरली.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. फुगवटा आंत जाईनासा झाला, टणक होऊन दुखूं लागला, ओकाऱ्या सुरू झाल्या, तर आंतडें अडकलें असें समजावें. तेव्हां तें दाबूं नये, चोळूं नये, सकाळची वाट पाहूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें. आणि ज्या घरीं वडिलांना वा भावाला हा विकार झाला आहे, तेथील पुरुषांनीं लाज बाजूस ठेवून फुगवटा दिसतांच तपासून घ्यावें.