चौकटीतली चित्रं – भाग ६ : खेकड्याचे तीन ठिपके

मागच्या भागात आपण रंग निवडायला शिकलो. आज एक अख्खं चित्र पुरं करू. अलीकडेच एका ऑनलाइन स्पर्धेसाठी ‘समुद्री जीव’ हा विषय होता. माप ३२ बाय ३२ घरांचं आणि रंग जास्तीत जास्त आठ. म्हणजे हाताशी एकूण १,०२४ घरं. मी खेकडा काढायचं ठरवलं.

पिक्सेलच्या दुनियेत खेकडा तसा जुनाजाणता. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी जपानच्या तैतो कंपनीसाठी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ तयार केला. एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीतले ऑक्टोपससारखे मंगळवासी त्यांच्या मनात होते. त्यावरून माकूल, खेकडा आणि ऑक्टोपस असे तीन आकार आले. त्यातला खेकडा ११ घरं रुंद, ८ घरं उंच आणि एकरंगी. डोळ्यांच्या जागी दोन रिकामी घरं, दोन्ही बाजूंना नांग्या. एवढ्यावर तो आजही ओळखू येतो.

आपल्याला मात्र १,०२४ घरं मिळाली आहेत. तेव्हा ‘कुठलासा खेकडा’ काढून भागणार नाही, नेमका कुठला ते चित्रानं सांगितलं पाहिजे. म्हणून संगणक सुरू करण्याआधी मी मासळीबाजारात गेले. बर्फावर चिंबोऱ्यांचे वाटे लावलेले होते. त्यातल्या काहींच्या पाठीवर, मागच्या कडेजवळ, तीन ठिपके. कोळीणबाईंनी एक उचलून माझ्यासमोर धरली, “ताजी हाय ताई, घे ना.” आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात नेहमी येणारा हा पोहणारा खेकडा. त्याचं शास्त्रीय नाव पोर्टुनस सँग्विनोलेंटस. ठिपके काळपट तांबडे, भोवती फिकट कडं. कवच आडवं, रुंद, दोन्ही टोकांना एकेक लांब काटा. पायांची शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी. आणि रंग शेवाळी हिरवा!

या रंगावर थोडं थांबू या. लहानपणापासून आपण खेकडा लालच रंगवत आलो, पण हा खेकडा लाल होतो तो चुलीवर. कवचात ॲस्टाझँथिन नावाचं तांबूस रंगद्रव्य असतंच, मात्र ते प्रथिनाला बांधलेलं असल्यामुळे आपल्याला हिरवट-निळसर दिसतं. उष्णतेनं प्रथिन मोडतं आणि लाल मोकळा होतो. समुद्री जीव काढायचा, तर तो समुद्रातला हवा, ताटातला नव्हे.

आता घरं मोजू. ३२ ही सम संख्या, त्यामुळे मधोमध एक उभी ओळ मिळतच नाही. मध्य सोळाव्या आणि सतराव्या ओळींच्या फटीत पडतो. मधला ठिपका एका घराचा किंवा तीन घरांचा केला की खेकडा एका बाजूला सरकल्यासारखा दिसतो. मी हीच चूक केली आणि तासभर पाय हलवत बसले, दोष ठिपक्यात होता. ठिपका २ बाय २ घेतला, भोवती एकेका घराचं फिकट कडं दिलं. झाले ४ बाय ४. त्याचे चार कोपरे पुसले की तो गोल वाटू लागतो. असे तीन ठिपके, मध्ये एकेक घर मोकळं, म्हणजे १४ घरं. कवच २० घरांचं, काटे दोन्हीकडे दोन-दोन घरांचे. दोन्ही बाजूंना चार-चार घरं उरली, ती पायांना.

कवचाची पुढची कमान काढताना पायऱ्यांकडे लक्ष द्या. मध्यापासून कडेकडे ४, ३, २, १ अशा उतरत्या पायऱ्या घेतल्या की दहा घरांत अर्धी कमान गुळगुळीत उतरते. तिथंच ४, १, ३, २ केलंत तर रेषेला पोक येतो. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, एक ठिपका चुकला की सगळी वेल वाकडी जाते.

सावलीसाठी हिरव्यात काळा मिसळू नका, चित्र मळकट होतं. सावलीचा हिरवा निळ्याकडे झुकवा, उजेडाचा पिवळ्याकडे. हिरव्याच्या तीन छटा, कडेला गडद जांभळट तपकिरी, ठिपक्याचा तांबडा आणि कड्याचा फिकट, एवढ्या सहा रंगांत माझं काम झालं. दोन रंग मी वापरलेच नाहीत. मुभा आहे म्हणून रंग भरायचे नसतात.

फोटो बारीक करून देणाऱ्या सोयीच्या वाटेला नवशिक्यानं जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ती सोय रंगांची सरासरी काढते, आणि त्या सरासरीत सगळ्यात आधी हे तीन ठिपकेच पुसले जातात.

चित्र पाठवताना मात्र जपा. पहिल्या स्पर्धेच्या वेळी मी चित्र मोबाइलवरच्या एका संदेश-ॲपमधून स्वतःला पाठवलं आणि तेच पुढे दिलं. वाटेत त्याच्या कडा धूसर झाल्या, चित्र बाद ठरलं. फाइल पीएनजीच ठेवा, जेपीजी नको. मोठं करायचं तर पूर्ण पटीत, ३२ चे ३२० किंवा ६४०. ५०० केलंत तर एका घराच्या वाट्याला साडेपंधराहून थोडे जास्त पिक्सेल येतात आणि घरं लहानमोठी होतात. मोठं करताना ‘नियरेस्ट नेबर’ हाच पर्याय निवडा.

पुढच्या आठवड्यात निशिकादोंच्या खेकड्यासारखा आपलाही खेकडा दोन चित्रांत चालवायचा आहे. तोवर तुमचा समुद्री जीव काढून ठेवा, आणि त्याआधी तो एकदा जवळून बघून या.