पाहायचे राहून गेलेले आकाश

कोरेगाव भीमापासून सरळ उत्तरेला हवाई अंतराने साधारण ५० किलोमीटरवर जुन्नर तालुक्यातले खोडद आहे. दोन्ही गावांचे रेखांशही जवळजवळ एकच. खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या उभ्या आहेत, हे या भागातल्या शाळकरी मुलांनाही माहीत असते. पण त्या तबकड्यांनी टिपलेले आकाश इंटरनेटवर कुणालाही पाहता येते, हे फारच थोड्यांना ठाऊक आहे. तंत्रज्ञानाची आवड असलेली मंडळी इंटरनेटवर सापडलेल्या नवलाईच्या गोष्टी एकमेकांना हौसेने पाठवतात. त्या बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी आधीच शोधलेल्या असतात. अजून कुणीच न पाहिलेले काही हवे असेल, तर वैज्ञानिक निरीक्षणांच्या खुल्या साठ्यांइतकी चांगली जागा दुसरी नाही, आणि असा एक साठा आपल्या शेजारच्या तालुक्यात तयार होतो आहे.

याचा पुरावा खोडदनेच दिला आहे. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲस्कॅप दुर्बिणीने घेतलेल्या चित्रांत काही अंधुक वर्तुळाकार कडी दिसली. दृश्य प्रकाशात त्या कड्यांचा मागमूसही नव्हता, ती फक्त रेडिओलहरींत दिसत होती. उपकरणाचा दोष असावा, ही पहिली शंका स्वाभाविक होती. पण असेच आणखी एक कडे सापडले ते जीएमआरटीच्या जुन्या साठ्यात, मार्च २०१३ मधल्या निरीक्षणांत. तेव्हा दुर्बीण वळवली होती एका दीर्घिकासमूहाकडे. त्याच चौकटीत हे कडे टिपले गेले आणि कुणाची नजर न पडता वर्षानुवर्षे तसेच राहिले. वेगळ्या देशातल्या, वेगळ्या बांधणीच्या दुर्बिणीने तेच रूप दाखवल्यावर उपकरणदोषाची शंका टिकणे अवघड होते. ही कडी कशी बनतात, यावर अजून एकमत नाही. कृष्णविवरांचे विलीनीकरण की दीर्घिकेतून उसळलेले प्रचंड वारे, असा वाद चालू आहे.

साठ्यांतले असे आकार शोधण्याचे काम आता संगणकच करेल, माणसाच्या डोळ्यांची गरज काय, असे कुणी विचारेल. संगणकाशिवाय चालणार नाही, हे खरेच. जीएमआरटीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या सर्वेक्षणात आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग आला आहे. त्यातले ६ लाखांहून अधिक रेडिओस्रोत हाताने मोजणे अशक्य होते. पण शोधप्रणाली मुख्यतः तिला सांगितलेल्या आकारांचाच माग काढते. ॲस्कॅपमधली पहिली कडी माणसाने चित्रे न्याहाळतानाच पाहिली. जे असेल अशी कल्पनाच कुणी केली नव्हती, ते शोधायला यंत्राला आधी सांगणार कोण?

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: दुर्बीण आपल्या पैशांची, मग निरीक्षणे जगाला का वाटायची? याचे उत्तर ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांच्या कारकिर्दीतच आहे. आपल्याकडे त्यांचे नाव भाभा-साराभाईंइतके घेतले जात नाही, याची मला खंत वाटते. त्यांच्या पहिल्या भारतीय दुर्बिणीसाठी वापरलेल्या ३२ लहान तबकड्या ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या होत्या. सिडनीजवळ त्यांचे काम संपले होते. १९६५ मध्ये त्या कल्याणला उभ्या राहिल्या आणि सूर्याची निरीक्षणे करू लागल्या. मग १९७० मध्ये उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण आणि त्यानंतर खोडद. ४५ मीटर व्यासाची तबकडी भरीव पत्र्याची केली असती, तर वाऱ्याचा मार सोसायला अवजड, महागडा सांगाडा लागला असता. स्वरूप यांनी ताणलेल्या तारांवर पोलादी जाळी बसवली. वारा चाळणीतून जावा तसा आरपार निघून जातो, पण तरंगलांबी जाळीच्या छिद्रांपेक्षा कितीतरी मोठी असल्याने रेडिओलहरी परावर्तित होतात. केवढी देखणी युक्ती! ऑस्ट्रेलियाने आपल्या तबकड्या भंगारात काढल्या असत्या, तर भारतीय रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात इतकी सोपी झाली नसती. निरीक्षणांनाही हाच न्याय लागू होतो. १५० मेगाहर्ट्झच्या सर्वेक्षणाची निरीक्षणे नव्याने शुद्ध करून २०१७ मध्ये ती चित्रे जगापुढे आणणाऱ्या गटाचे नेतृत्व नेदरलँड्सच्या खगोलशास्त्रज्ञाने केले. त्यात आपले काही गेले नाही, आपल्या दुर्बिणीचे मोल मात्र वाढले.

उलट दिशेनेही देवाणघेवाण होते. ‘रॅड ॲट होम’ हा उपक्रम २०१३ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना आणि हौशी मंडळींना रेडिओ चित्रे वाचायला शिकवतो. या उपक्रमातून, लोफार या मुख्यतः नेदरलँड्समध्ये असलेल्या दुर्बिणीच्या खुल्या चित्रांत, परस्परांना छेदणारी दोन कडी सापडली. २०२५ मध्ये ती प्रसिद्ध झाली, तेव्हा ज्ञात कड्यांमधली ती सर्वांत दूरची होती. सामान्य माणसाला हे जमणार नाही, या आक्षेपाला एवढे उत्तर पुरे. कच्ची निरीक्षणे शुद्ध करायला दीर्घ प्रशिक्षण लागते, हे मान्य. तयार चित्रांतला वेगळा आकार ओळखायला चिकाटी आणि जाणता मार्गदर्शक लागतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या महाविद्यालयांतल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी हे मार्गदर्शन करावे. आठवड्यातला एक तास खोडदच्या चित्रांसाठी राखून ठेवावा, आणि तो याच सत्रापासून सुरू करावा.