स्टीपचे स्मारक-ग्रंथालय

इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात पीटर्सफील्ड शहराजवळ, टेकड्यांच्या पायथ्याशी, स्टीप नावाचे एक खेडे आहे. जे. एच. बॅडले यांनी १८९३ साली स्थापिलेली बेडेल्स शाळा १९०० मध्ये या गावी आली. आणि पहिल्या महायुद्धात तिचे जे विद्यार्थी रणांगणावर पडले, त्यांच्या स्मरणार्थ शाळेने एक ग्रंथालय बांधले. मृतांचे ऋण मानण्याची याहून उचित रीत मला ठाऊक नाही. कारण जी पुस्तके वाचावयाची त्या तरुणांची राहून गेली, ती त्यांच्यामागून येणाऱ्यांच्या हाती नित्य पडावीत, अशी ही तजवीज आहे.

आराखडा अर्नेस्ट गिम्सन यांचा. विल्यम मॉरिस यांच्या प्रेरणेने हस्तव्यवसायाच्या पुनरुज्जीवनास आयुष्य वाहिलेला हा वास्तुविशारद ऑगस्ट १९१९ मध्ये निवर्तला, तेव्हा त्याचे जिवलग सहकारी सिडनी बार्न्सले यांनी देखरेखीची जबाबदारी शिरावर घेतली, आणि १९२१ मध्ये इमारत पुरी झाली. बांधणारे जेफ्री लप्टन हे याच शाळेचे माजी विद्यार्थी व गिम्सन यांचे शिष्य. अर्थात येथे कंत्राटाचा व्यवहार नव्हता, शाळाबंधूंचे उत्तरकार्य होते.

बाहेरून इमारत साधी, विटांची व कौलारू. आत शिरताच मात्र ओकचे भक्कम खांब, त्यांवरील तुळया आणि छताला पेलणारे वक्राकार आधार दृष्टीस पडतात. लाकडाला लाकूड कसे जोडले आहे हे कोठेही झाकलेले नाही. ती जोडणी हेच तेथील अलंकरण. दोन्ही अंगांस कपाटांनी विभागलेले, खिडकीच्या उजेडाचे वाचनकक्ष, आणि त्यांवर सज्जे. आज या वास्तूची गणना प्रथम श्रेणीच्या संरक्षित इमारतींत होते.

त्याच महायुद्धात साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जवान कामी आले, आणि गावातून किती माणसे लढाईवर गेली व किती परतली नाहीत हे सांगणाऱ्या सरकारी शिळा आपल्याकडे अनेक गावी आहेत. ज्या गावी अशी शिळा असेल, तेथील ग्रामस्थांनी त्या माणसांच्या नावे पुस्तकांचे एक कपाट तरी उघडावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.