नाच येतो, रीलही चालते, मग कार्यक्रम का मिळत नाहीत?

२०१९ मध्ये वसई-नालासोपारा पट्ट्यातल्या पोरांच्या 'द किंग्ज' या ग्रुपने अमेरिकेतला 'वर्ल्ड ऑफ डान्स' हा शो जिंकला. बक्षीस होतं दहा लाख डॉलर. पुढच्याच वर्षी मुंबईच्याच 'व्ही अनबिटेबल'ने 'अमेरिकाज गॉट टॅलेंट : द चॅम्पियन्स' मारलं. दोन्हींचे व्हिडिओ तुमच्या फोनवर येऊन गेलेच असतील.

पण किंग्जच्या पोरांनी त्याच्या चार वर्षं आधी, २०१५ मध्ये, सॅन डिएगोच्या वर्ल्ड हिप हॉप डान्स चॅम्पियनशिपमध्ये ब्राँझ मिळवलं होतं, हे फार जणांना आठवत नाही. एक मंच मिळाला, तिथे योग्य माणसांनी पाहिलं, त्यातून पुढचा मंच मिळाला. नाचाचं सगळं क्षेत्र याच साखळीवर चालतं. 'मी चांगला नाचतो का?' हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण कार्यक्रम मिळवताना त्याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न असतो : कार्यक्रम ठरवणारा माणूस मला कुठे बघणार?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. यात्रा-जत्रांच्या हंगामाआधी तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांचे लोक येतात, राहुट्या फिरतात, भाव करतात, इसार देतात आणि सुपारी पक्की होते. गुढीपाडव्याला तर तिथे झुंबड असते. म्हणजे कार्यक्रम हवा असलेले आणि देणारे एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवसांत भेटतात. आजच्या कथक किंवा हिप हॉप करणाऱ्या मुलामुलीची अडचण हीच आहे की तिचं नारायणगाव एका जागी नाही. ते दहा ठिकाणी विखुरलेलं आहे आणि त्याचा पत्ता क्लासमध्ये कुणी सांगत नाही.

सरकारी दार : कंटाळवाणं, पण उघडं

सुरुवात इथून करायची, कारण इथे ओळख नसली तरी अर्ज घेतला जातो.

वय १८ ते २५ असेल तर केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. १० ते १४ वयाच्या मुलांसाठी सीसीआरटीची वेगळी शिष्यवृत्ती आहे. रक्कम डोळे दिपवणारी नाही, पण 'राष्ट्रीय शिष्यवृत्तीधारक' ही ओळ पुढच्या प्रत्येक अर्जावर कामाला येते.

दुसरं, दूरदर्शनची श्रेणी. दूरदर्शन ऑडिशन घेऊन नर्तकांना बी, ए अशा श्रेणी देतं. 'आता दूरदर्शन बघतंय कोण?' असं तुम्ही म्हणाल. पण प्रश्न बघण्याचा नाहीच. शास्त्रीय नृत्याच्या महोत्सवात निवड समितीसमोर शंभर अर्ज येतात, तेव्हा श्रेणी म्हणजे कुणीतरी तुम्हाला आधीच पारखलेलं आहे याची पावती असते.

तिसरं, आयसीसीआर, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद. १९५० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेकडे निवडलेल्या कलाकारांची यादी असते आणि परदेशातल्या कार्यक्रमांसाठी त्यातून मंडळी पाठवली जातात. यादीत नाव लागलं म्हणजे उद्या विमानात बसलो असं नाही, हेही लक्षात ठेवा.

लोकनृत्य करणाऱ्यांचा मोठा आधार मात्र सांस्कृतिक केंद्रं. देशात अशी सात केंद्रं आहेत आणि महाराष्ट्राचं नशीब असं, की आपण त्यांपैकी दोघांत येतो : नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र आणि उदयपूरचं पश्चिम क्षेत्र. डिसेंबरात उदयपूरला शिल्पग्राम उत्सव भरतो, त्यासारख्या कार्यक्रमांत सोंगी मुखवटे, लावणी, धनगरी गजा, कोळी नृत्य करणारी पथकं जातात. राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालयही महोत्सव भरवतं. या सगळ्यांत मानधन बँकेत जमा होतं, त्यामुळे पॅन, आधार आणि खात्याचे तपशील एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. पैसे यायला वेळ लागू शकतो. त्या मानधनावर घरभाड्याचा हिशेब बसवू नका.

पैसे देऊन नाचायचं का?

आता मुद्द्याची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि उमेद इथेच बुडते.

इन्स्टाग्रामवर जाहिरात येते : 'आंतरराष्ट्रीय नृत्य महोत्सव', ट्रॉफी, प्रमाणपत्र, एखादी भारदस्त पदवी. खाली बारीक अक्षरात प्रवेश फी. समजा, चाळीस नर्तक आले आणि प्रत्येकाने ३,००० रुपये भरले. झाले १ लाख २० हजार. त्यात हॉलचं भाडं, ट्रॉफ्या, प्रमुख पाहुण्यांची शाल आणि आयोजकाचा नफा, सगळं बसतं. तिकीट विकायची गरजच उरत नाही, कारण नर्तक हाच गिऱ्हाईक आहे. मग समोर बसतं कोण? आपल्या मुलीचा नंबर कधी येतो याची वाट बघणारे पालक. तिचा नाच झाला की ते उठतात. तुम्हाला पुढचा कार्यक्रम देऊ शकेल असा एकही माणूस त्या हॉलमध्ये नसतो.

हे फक्त छोट्या शहरांत घडतं असं नाही. चेन्नईच्या डिसेंबरच्या संगीत-नृत्य हंगामात अनेक सभा कार्यक्रम करतात. दुपारच्या वेळा नवख्यांना मिळतात, संध्याकाळच्या तिकिटाच्या वेळा नावाजलेल्यांना. ही चढण रीतसर आहे, मुंबई-पुण्याच्या भरतनाट्यम करणाऱ्या मुलीही ती चढतात. पण काही ठिकाणी वेळ मिळवायला नर्तकांनाच पैसे मोजावे लागतात, ही तक्रारही तिथे वर्षानुवर्षं होते आहे.

मग फी दिसली की पळायचं का? तसंही नाही. हिप हॉपच्या स्पर्धांना नोंदणी शुल्क असतं आणि ते रास्त असू शकतं. आयोजकाला सरळ विचारा : परीक्षक कोण आहेत, मला किती मिनिटं मिळतील, मागच्या वर्षीचं पूर्ण रेकॉर्डिंग बघायला मिळेल का, प्रेक्षकांना तिकीट आहे का. मागच्या वर्षी नाचलेल्या दोघांना मेसेज करून त्यांचा अनुभवही विचारा. उत्तरं द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. आणि टीव्हीच्या रिॲलिटी शोच्या नावाने कुणी ऑडिशनची फी मागितली, तर पैसे देण्याआधी वाहिनीच्या अधिकृत पानावर जाऊन बघा. मोठ्या वाहिन्या ऑडिशनसाठी पैसे मागत नाहीत.

रीलने काय होतं, काय होत नाही

२०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, त्यानंतर लगेच रील्स आल्या आणि गावातल्या गल्लीत नाचणारी मुलगी राज्यभर पोचू लागली. ही ताकद खरीच आहे. लग्नाच्या संगीतासाठी कोरिओग्राफर शोधणारे लोक, ब्रँड, सोसायटीच्या गणेशोत्सवाचे कार्यकर्ते रीलवरूनच फोन करतात.

पण महोत्सवाचा आयोजक रील बघून एवढंच ठरवतो की हा माणूस आहे बरा. तीस सेकंदांत कट मारून केलेल्या नाचावरून त्याला कळत नाही, की तुम्ही वीस मिनिटं मंच धरून ठेवू शकता का. म्हणून रीलसोबत आणखी एक व्हिडिओ हवाच : एकाच कॅमेऱ्याने, कट न मारता, डोक्यापासून पायापर्यंत दिसेल असा पाच-सहा मिनिटांचा. मोबाइल स्टँडवर आडवा ठेवून काढलेला चालतो. तो यूट्यूबवर टाका आणि लिंक बायोमध्ये द्या. शहर आणि संपर्काचा ईमेलही तिथेच लिहा. गुणी नर्तकांच्या प्रोफाइलवर तीन ओळींची शायरी असते आणि ईमेल नसतो. आयोजकाने काय करायचं?

गाण्याची भानगडही आहे. अॅपमधलं फिल्मी गाणं वैयक्तिक अकाउंटवर चालतं, पण बिझनेस अकाउंटला तीच सगळी गाणी मिळत नाहीत आणि ब्रँडच्या जाहिरातीत ती परस्पर वापरता येत नाहीत. रचना गुरूंची असेल तर त्यांचं नाव लिहा, रेकॉर्डिंग वापरायची परवानगी घ्या. या क्षेत्रात भांडणं मानधनावरून होतात त्याहून जास्त श्रेयावरून होतात.

ज्यांना सिनेमात ग्रुप डान्सर म्हणून काम करायचं आहे, त्यांचा रस्ता वेगळा. मुंबईत सिने डान्सर्स असोसिएशन आहे आणि तिचं कार्ड या धंद्यात महत्त्वाचं मानलं जातं. तिथे चौकशी स्वतः जाऊन करा, 'कार्ड काढून देतो' म्हणणाऱ्या मधल्या माणसाकडून नको.

मोठ्या मंचाआधीचा मंच

खजुराहोचा महोत्सव १९७५ पासून चालू आहे, कोणार्कचा दर डिसेंबरात होतो. ही स्वप्नं ठेवा, पण पहिला अर्ज तिथे करून वर्षभर वाट बघत बसू नका. कॉलेजात असाल तर विद्यापीठाचा युवक महोत्सव आणि पुढे राज्यातल्या विद्यापीठांचा 'इंद्रधनुष्य' महोत्सव सोडू नका. इथे मंच फुकट मिळतो, समोर भरलेलं सभागृह असतं आणि परीक्षक बहुतेक वेळा या क्षेत्रातलेच असतात. २९ एप्रिल हा आंतरराष्ट्रीय नृत्यदिन. त्या आठवड्यात अनेक संस्था कार्यक्रम ठेवतात, पण त्यांची जुळवाजुळव काही महिने आधीच होते. एप्रिलमध्ये फोन केलात तर उशीर झालेला असतो. परदेशात नातेवाईक असतील तर उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांचं दर दोन वर्षांनी होणारं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशनही माहीत असू द्या.

आणि काहीच मिळत नसेल तर चार जणी मिळून स्वतःच बैठक करा. शाळेचा हॉल, साठ खुर्च्या, प्रत्येकीची पंधरा मिनिटं. शास्त्रीय नृत्यात तबला, संवादिनी, गायक आणि पढंत करणारा असा ताफा लागतो. चौघींनी एकच साथसंगत घेतली तर प्रत्येकीचा खर्च जवळपास चौथ्या हिश्शावर येतो. पहिल्या रांगेतल्या दहा खुर्च्या नातेवाइकांना देऊ नका. गावातल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष, कॉलेजचे सांस्कृतिक विभागप्रमुख, जवळच्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक, स्थानिक पेपरचा वार्ताहर आणि दुसऱ्या क्लासच्या गुरू यांना घरी जाऊन बोलावणं करा, आणि आदल्या दिवशी पुन्हा एक फोन करा.